इंटरनेट : राज्यसत्ता, लोकसमाज व ग्राहक

दळणवळणाचें नवें साधन निघालें म्हणजे त्यायोगें केवळ माणसांची व मालाची ने-आण सुलभ होते असें नाहीं; राजा व प्रजा, दुकानदार व गिऱ्हाईक, शेजारी व शेजारी यांचे परस्परसंबंधही बदलूं लागतात. आगगाडी, तारायंत्र व टपाल यांचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. आमच्या काळीं हें काम इंटरनेट करीत आहे. या साधनाचे उपयोग शाळेंतील लहान विद्यार्थ्यांसही तोंडपाठ आहेत. परंतु त्यावर सत्ता कोणाची, त्याचे नियम कोण करतो, आणि ते नियम करतांना सामान्य माणसाचें म्हणणें कोणी ऐकतें कीं नाहीं, हे प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतात. त्यांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. नुसती तत्त्वचर्चा कंटाळवाणी होते; म्हणून आपल्याच देशांत सन २०१५ व २०१६ मध्यें झालेल्या एका वादाच्या आधारानें आम्ही हा विषय मांडणार आहों.

इंटरनेट म्हणजे जगांतील असंख्य संगणकांस व मोबाईल फोनांस परस्परांशीं जोडणारें एक जाळें होय. आपण पाठविलेलें पत्र, छायाचित्र किंवा गाणें या जाळ्यांतून अखंड जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर मुक्कामाचा पत्ता असतो, आणि ते तुकडे वाट सांपडेल तसे जाऊन शेवटीं पुनः एकत्र जुळतात. पत्ता पाहून तुकडा पुढें धाडणें हेंच वाटेंतील यंत्रांचें मुख्य काम. तुकड्याच्या आंत काय आहे याची पंचाईत त्यांनीं करावी असें मुळांत योजिलेलें नव्हतें. भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनें हें जाळें सर्वसाधारण लोकांकरितां खुलें केलें. आरंभीं तें मोठ्या शहरांतील थोड्या लोकांपुरतेंच होतें. पुढें मोबाईल फोन स्वस्त झाल्यावर तें खेडोपाडीं जाऊन पोंचलें.

वादाचा मुद्दा कळण्यास टपालाचें उदाहरण फार उपयोगी पडतें. सन १८५४ पूर्वीं हिंदुस्थानांत पत्राचें हंशील अंतरावर अवलंबून असे. त्या सालच्या कायद्यानें अशी व्यवस्था झाली कीं, पाव तोळ्यापर्यंत वजनाचें पत्र अर्ध्या आण्यांत देशांत कोठेंही जावें. पत्र सावकाराचें आहे कीं कुळाचें, त्यांत लग्नाचें निमंत्रण आहे कीं कर्जाचा तगादा, हें टपालखातें विचारीत नसे. वजन तेवढें पाहात असे. हाच न्याय इंटरनेटला लावणें यास इंग्रजी जाणणारे लोक ‘नेट न्यूट्रॅलिटी’ म्हणतात. टिम वू या अमेरिकन कायदेपंडितानें सन २००३ मध्यें हा शब्द रूढ केला. मराठींत त्यास आपण ‘जाळ्याची समदृष्टि’ म्हणूं. जाळें पुरविणाऱ्या कंपनीनें कोणाचा मजकूर जलद व कोणाचा सावकाश, कोणाचा फुकट व कोणाचा महाग, असा पंक्तिप्रपंच करूं नये, एवढाच तिचा अर्थ आहे.

आतां कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. मनोरे उभारण्यास व सरकारकडून परवाने घेण्यास त्यांस फार मोठें भांडवल घालावें लागतें. लोक त्यांच्याच जाळ्यावरून फुकट निरोप पाठवूं व फुकट बोलूं लागले, तेव्हां त्यांचें पूर्वीचें उत्पन्न घटूं लागलें. डिसेंबर २०१४ मध्यें एअरटेल कंपनीनें इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणास निराळा आकार लावण्याचें जाहीर केलें. परंतु गिऱ्हाइकांनीं ओरड करतांच थोड्याच दिवसांत तो बेत सोडून दिला. एप्रिल २०१५ मध्यें त्याच कंपनीनें दुसरी एक योजना पुढें आणली. जो दुकानदार कंपनीला पैसे देईल त्याचें ॲप गिऱ्हाइकास फुकट वापरतां यावें, अशी ती होती. वरवर पाहतां यांत गिऱ्हाइकाचा लाभच दिसतो. परंतु ज्या लहान दुकानदाराजवळ असे पैसे नाहींत त्याच्याकडे मग जाणार कोण, व तो बुडाल्यावर मोठा दुकानदार भाव वाढविणार नाहीं कशावरून, अशी शंका लोकांनीं काढली, आणि ती रास्त होती.

या सुमारास ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, या संस्थेनें २७ मार्च २०१५ रोजीं ११८ पृष्ठांचें एक विचारपत्र प्रसिद्ध करून त्यांत २० प्रश्न घातले व त्यांवर लोकांचीं मतें मागविलीं. अशीं पत्रें एरवीं वकील व कंपन्यांचे अधिकारी यांच्यापलीकडे कोणी वाचीत नाहीं. या खेपेस मात्र कांहीं तरुण स्वयंसेवक एकत्र आले. त्यांत संगणकाचे जाणकार होते, कायद्याचे अभ्यासक होते व पत्रकारही होते. त्यांनीं त्या क्लिष्ट प्रश्नांचा अर्थ सोप्या भाषेंत सांगितला, प्रत्येक प्रश्नाचें उत्तर तयार करून लोकांपुढें ठेवलें, आणि तें पाठविण्याची सोय करून दिली. विनोदी नटांच्या एका मंडळीनें हाच विषय हंसतखेळत समजावून देणारी चित्रफीत काढली. परिणाम असा झाला कीं, एप्रिलअखेरपर्यंत दहा लाखांहून अधिक पत्रें ट्रायकडे गेलीं. ज्या साधनाविषयीं वाद चालला होता त्याच साधनानें लोकांस बोलण्याचें सामर्थ्य दिलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

परंतु येथेंच या साधनाची दुसरी बाजूही दिसून आली. २७ एप्रिल २०१५ रोजीं ट्रायनें आलेलीं सर्व पत्रें, पाठविणाऱ्यांच्या ई-मेलच्या पत्त्यांसह, जशींच्या तशीं प्रसिद्ध केलीं. कारभार उघड असावा हा हेतु स्तुत्य होय. तथापि लक्षावधि माणसांचे पत्ते त्यामुळें अनायासें उघड्यावर पडले. राज्यकारभार उघडा असावा व नागरिकाचें खासगी जीवन झांकलेलें असावें, हीं दोन्ही तत्त्वें खरीं आहेत, आणि त्यांचा मेळ घालणें सोपें नाहीं. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें संमत केला.

वादाचा दुसरा व अधिक कठीण भाग ‘फ्री बेसिक्स’ या योजनेचा होय. फेसबुक कंपनीनें रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्यानें फेब्रुवारी २०१५ मध्यें ती निराळ्या नांवानें येथें आणिली. ज्यांस इंटरनेट परवडत नाहीं त्यांस निवडक ठिकाणें फुकट पाहूं द्यावीं; हवामान, आरोग्य, नोकऱ्या, बातम्या व अर्थात् फेसबुक, एवढें तरी गरिबास मिळावें, असें तिचें स्वरूप होतें. कंपनीचें म्हणणें असें कीं, उपाशी माणसास चतकोर भाकर मिळत असतां ती पूर्ण नाहीं म्हणून हिसकावून घेणें हा कोणता न्याय? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, व आजही तो नाहीं. ज्या घरीं पुस्तक नाहीं त्या घरच्या मुलास एक पुस्तक देणारा मनुष्य त्याचा वैरी कसा म्हणावा?

याचें उत्तर विरोधकांनीं असें दिलें कीं, येथें कपाटांत कोणतें पुस्तक ठेवावयाचें हें देणारा ठरवितो, आणि वाचणाऱ्यास कपाटाबाहेर दुसरीं पुस्तकें आहेत याची वार्ताही लागत नाहीं. श्रीमंतास सगळें ग्रंथालय व गरिबास एक कपाट, अशी विभागणी एकदां पडली कीं ती मोडणें कठीण. शिवाय कपाटाची किल्ली एका परदेशी कंपनीच्या हातीं राहिल्यास गांवांतील एखाद्या होतकरू तरुणानें काढलेलें ॲप त्यांत घ्यावें कीं न घ्यावें, हेंही तिच्याच अटींवर ठरणार.

९ डिसेंबर २०१५ रोजीं ट्रायनें दुसरें विचारपत्र काढलें व निरनिराळ्या मजकुरास निरनिराळे दर लावूं द्यावे काय, असा सरळ प्रश्न विचारला. तेव्हां फेसबुकनें आपल्या लक्षावधि वापरकर्त्यांस योजनेच्या बाजूनें पत्र धाडण्याची विनंति केली, व वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. एक बटण दाबलें कीं तयार मजकूर ट्रायकडे रवाना होई. एकंदर सुमारें २४ लक्ष पत्रें आलीं, आणि त्यांतील बहुसंख्य ‘फ्री बेसिक्स’च्या बाजूचीं होतीं. डोकीं मोजून निकाल द्यावयाचा असता तर निकाल उघड होता. परंतु ट्रायनें म्हटलें कीं, आम्ही विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें या पत्रांत नाहींत. आम्हांस मतदान नको, कारणें हवीं आहेत. पहिल्या चळवळींतही तयार मजकूर होताच, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु तो विचारलेल्या प्रश्नांस धरून होता, हा भेद लहान नव्हे.

८ फेब्रुवारी २०१६ रोजीं निकाल लागला. मजकुराच्या स्वरूपावरून दरांत भेद करण्यास ट्रायनें बंदी केली. मोडणाऱ्या कंपनीस दर दिवशीं ५०,००० रुपये व अधिकांत अधिक ५० लाख रुपये दंड ठेविला. संकटकाळच्या सेवांपुरता अपवाद केला. तीनच दिवसांनीं फेसबुकनें ती योजना भारतांतून काढून घेतली. सप्टेंबर २०१६ मध्यें एक नवी मोबाईल कंपनी बाजारांत उतरली, चढाओढ लागली, आणि इंटरनेटचे दर झपाट्यानें खालीं आले. ज्या गरिबास चतकोर भाकरीवर भागवावें लागेल असें वाटत होतें, त्यांतील पुष्कळांस चढाओढीमुळें अख्खी भाकर मिळाली. तथापि सर्वांस ती मिळाली असें मात्र कोणीं समजूं नये. ज्या घरांत एकच फोन असतो व तो बापाच्या खिशांत असतो, त्या घरच्या मुलीस इंटरनेट आजही दूरच आहे.

या हकीकतीपासून राज्यसत्तेविषयीं एक बोध घ्यावयाचा आहे. इंटरनेटमुळें सरकार लोकांच्या जवळ येतें. महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास आपल्या जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे खेटे न घालतां घरबसल्या पाहतां येतो, ही सोय लहान नाहीं. परंतु तेंच साधन सरकारच्या हातांत दंडुकाही देतें. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथील दोन तरुणींस फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनावरून अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ हें कलम त्यामुळें देशभर चर्चेंत आलें. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनें त्यास आव्हान दिलें, आणि २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम रद्द ठरविलें. पुढें ऑगस्ट २०१९ मध्यें काश्मिरांत इंटरनेट बंद करण्यांत आलें, तेव्हां १० जानेवारी २०२० रोजीं त्याच न्यायालयानें अमर्याद काळ अशी बंदी घालतां येणार नाहीं व बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, असें सांगितलें. मुक्त संभाषणाचें रक्षण यंत्र करीत नाहीं. कायदा, न्यायालय व जागरूक नागरिक हेच तें करतात.

ग्राहकाविषयींही तेंच. घरीं बसून देशांतील कोणत्याही दुकानांतून माल मागवितां येतो. पण दुकानदाराचें तोंड दिसत नाहीं. म्हणून २०२० सालच्या नियमांनीं अशा दुकानांवर विक्रेत्याचें नांव व पत्ता दाखविण्याची, तक्रारीची पोंच ४८ तासांत देण्याची व तिचा निकाल एका महिन्यांत लावण्याची सक्ति केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें गिऱ्हाइकास आपल्या राहत्या ठिकाणींच दाद मागण्याचा हक्क दिला. नोव्हेंबर २०२३ मध्यें सरकारनें गिऱ्हाइकास फसविण्याच्या १३ छुप्या युक्त्या नांवनिशीवार सांगून त्यांस मनाई केली. खोटी घाई लावणें व टोपलींत न मागितलेली वस्तु घालणें या त्यांपैकींच होत. हे हक्क कागदावर आहेत. ज्यास ते ठाऊक नाहींत त्याच्या दृष्टीनें ते नसल्यासारखेच.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, पुढील काळांत तुमच्यापुढें अनेक बटणें येतील, आणि ‘हें दाबा म्हणजे देशकार्य झालें’ असें तुम्हांस सांगण्यांत येईल. दाबण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारा : हें मला कोण सांगत आहे? त्याचा त्यांत लाभ कोणता? आणि मूळ प्रश्न मीं स्वतः वाचला आहे काय? सत्य बोलावें व शेजाऱ्याचें हित पाहावें, ही शिकवण या शाळेंत आपणांस पहिल्या दिवसापासून मिळत असते. ती वर्गापुरती नाहीं. चोवीस लक्ष पत्रांतून कारणें शोधणाऱ्या त्या अधिकाऱ्यांस एक समजून-उमजून लिहिलेलें पत्र हजार तयार पत्रांहून अधिक मोलाचें वाटलें असेल, याविषयीं आम्हांस संशय नाहीं. तसें पत्र लिहूं शकणारे नागरिक तयार करणें हेंच शाळेचें काम, आणि तसे नागरिक होणें हें तुमचें.