सर्व्हिसिंगनंतर गिअरबॉक्स बिघडला. दोष कोणाचा, दाद कुठे?

नामपूर आणि मोसम खोऱ्यातील गावांसाठी मोटार ही आता चैन राहिलेली नाही. सटाण्यातील तालुक्याची कामे, मालेगावचा दवाखाना, बाजार समितीतील कांद्याचा लिलाव, सगळे तिच्यावरच अवलंबून असते. अशी गाडी सर्व्हिसिंग करून आणल्यावर चार दिवसांत गिअर अडकू लागला, तर पहिला प्रश्न पडतो तो दोष कोणाचा, हा. त्याचे उत्तर बहुतेकदा गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी काय केले, यावर ठरते.

सर्व्हिसिंगमुळे गिअरबॉक्स बिघडू शकतो का?

होय. अनेक मोटारींत इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल सोडण्याचे नट खालच्या बाजूला जवळजवळ असतात. घाईत चुकीचा नट उघडला, तर गिअरबॉक्स रिकामा होतो आणि वरून टाकलेले नवे तेल इंजिनात जाते. परिणामी इंजिनात जवळपास दुप्पट तेल आणि गिअरबॉक्स कोरडा, अशी स्थिती होते. डिपस्टिकवर तेल खुणेच्या बरेच वर दिसले, तर ही शंका घ्यावी. याशिवाय नट सैल राहणे, वॉशर किंवा सील खराब होणे, चुकीच्या ग्रेडचे तेल भरणे हीदेखील कारणे असतात. ऑटोमॅटिक गाड्यांत हा धोका अधिक, कारण सीव्हीटी गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते.

मात्र प्रत्येक बिघाड गॅरेजच्या माथी मारता येत नाही. क्लच प्लेट आधीच झिजलेली असू शकते. ऑइल फिल्टर आणि ब्रेकच्या कामाचा सिंक्रोनायझर झिजण्याशी संबंध नसतो. म्हणूनच पुरावा महत्त्वाचा.

बिघाड जाणवताच काय करावे?

गुणगुणल्यासारखा आवाज, जळका वास, गाडीखाली तेलाचा डाग किंवा गिअर पडायला जड जाणे, यापैकी काही दिसले की गाडी थांबवावी. ‘घरापर्यंत तरी नेऊ’ म्हणून चालवलेले पाच किलोमीटरही बेअरिंग आणि दात खराब करू शकतात. शिवाय नुकसान गाडी पुढे चालवल्यामुळे वाढले, असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते. ऑटोमॅटिक गाडी दोरीने टोचन करून नेऊ नये. ती फ्लॅटबेडवरच न्यावी.

त्यानंतर मीटरवरील किलोमीटर, डिपस्टिक, नट आणि गळती यांचे फोटो व व्हिडिओ काढावेत. गॅरेजला फोनबरोबरच व्हॉट्सअ‍ॅप किंवा ई-मेलवर लेखी कळवावे. गिअरबॉक्स आपल्यासमोरच उघडावा, निघालेले तेल स्वच्छ बाटलीत जपावे, जुने भाग परत मागावेत. शक्य असल्यास दुसऱ्या मेकॅनिकचा किंवा परवानाधारक सर्व्हेअरचा लेखी अभिप्राय घ्यावा. एकदा तेल सांडून भाग बदलले, की तक्रार केवळ शब्दांवर उरते.

कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार दुरुस्तीसाठी सोपवलेल्या वस्तूची साधारण समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणे गॅरेजवर बंधनकारक आहे. याच कायद्याने केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्कही गॅरेजला दिला आहे. त्यामुळे वाद असताना गाडी सोडवावी लागली, तर ‘हक्क राखून पैसे भरत आहे’ असे लिहून द्यावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निष्काळजी दुरुस्ती ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. मात्र फुकट दिलेली सेवा या कायद्याखाली येत नाही. म्हणून शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी बिल न घेणे महागात पडते. बिल आणि जॉबकार्डवर तेलाचा ग्रेड, प्रमाण व किलोमीटर लिहून घ्यावेत. सर्वसाधारण वाहन विम्यात यांत्रिक बिघाडाची भरपाई नसते, हेही लक्षात ठेवावे.

तक्रार कुठे करायची?

प्रथम गॅरेजला मुदत देऊन लेखी नोटीस द्यावी. काम कंपनीच्या अधिकृत केंद्रात झाले असेल, तर प्रत कंपनीलाही पाठवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तडजोडीचा प्रयत्न करता येतो. तो फसल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात असले, तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली आहे. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, अर्ज करून व्हिडिओद्वारे सुनावणीही मागता येते. नामपूरच्या ग्राहकाला त्यामुळे प्रत्येक तारखेला नाशिक गाठण्याची गरज उरत नाही.

सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. निकालासाठी कायद्याने तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने असा कालावधी सांगितला असला, तरी प्रत्यक्षात अनेकदा अधिक वेळ जातो. म्हणूनच तेलाची बाटली, बिल आणि फोटो जपून ठेवलेल्या ग्राहकाला आयोगाची पायरी चढण्यापूर्वीच तडजोड मिळण्याची शक्यता अधिक असते.