श्रद्धा, अश्रद्धा आणि कलम 25

सातारा-सांगलीच्या मुलखात देवाधर्मावरचा वाद नवा नाही. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण इथलेच, डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, आणि मांढरदेवीच्या यात्रेपासून कडेगावच्या उंच ताबुतांपर्यंतची लोकश्रद्धाही याच मातीतली. त्यामुळे घटना धर्माबद्दल काय सांगते, यावर पारापारावर ठाम मते ऐकू येतात. त्यांतली बरीच चुकीची आहेत, आणि त्या चुकांचा फटका श्रद्धाळूंनाही बसतो.

गैरसमज : जादूटोणाविरोधी कायद्याने देवधर्म करणे हाच गुन्हा ठरवला.

हा समज उगाच पसरला नाही. विधेयक वर्षानुवर्षे रखडले, वारकरी मंडळींच्या आक्षेपांनंतर मसुदा बदलत गेला, आणि जुन्या मसुद्यांची धास्ती मनात तशीच राहून गेली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या दाभोलकरांची हत्या झाली. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्या धामधुमीत अंतिम मजकूर फार थोड्यांनी वाचला. कायद्याच्या अनुसूचीत 12 बाबी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधून मारणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता गंडादोरा करत बसणे, अशी ती कृत्ये आहेत. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत. उसाच्या फडात सर्पदंश झालेल्या मजुरासाठी ही तरतूद जीवनमरणाची आहे.

कायद्याने काय वगळले, तेही वाचायला हवे. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन, व्रतवैकल्ये, जैनांचे केशलोचन, मोहरमची मिरवणूक, नंदीबैलवाल्याचे भविष्य, इतकेच काय, जमिनीतले पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याचा सल्लासुद्धा. माण, खटाव किंवा जतच्या कोरड्या शिवारात बोअर मारण्याआधी पाणाड्याला बोलावणारा शेतकरी गुन्हेगार ठरत नाही. पाणाड्याच्या अंदाजाला शास्त्रीय आधार नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. पण आधार नसणे वेगळे आणि गुन्हा असणे वेगळे, हे अंतर कायद्याने जाणीवपूर्वक राखले आहे.

गैरसमज : धर्मस्वातंत्र्य धर्म मानणाऱ्यांसाठी आहे, नास्तिकाला त्यात जागा नाही.

शाळेच्या दाखल्यापासून सरकारी अर्जापर्यंत सगळीकडे ‘धर्म’ हा रकाना असतो. तो कोरा ठेवला की कारकून अर्ज परत करतो. धर्म नसलेला नागरिक कायद्याला ठाऊकच नाही, असे यातून वाटू लागते. प्रत्यक्षात राज्यघटनेचे कलम 25 सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यापासून सुरू होते. धर्माचे प्रकटीकरण, आचरण आणि प्रसार यांचा उल्लेख त्यानंतर येतो. मुंबई उच्च न्यायालयापुढे 2014 मध्ये असेच प्रकरण आले. काही नागरिकांनी आपला कोणताही धर्म नाही अशी नोंद राजपत्रात मागितली होती आणि शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली होती. न्यायालयाने निकाल दिला की कोणताही धर्म न मानण्याचा आणि तसे जाहीर करण्याचा हक्क या कलमातच आहे, आणि धर्म सांगण्याची सक्ती कोणतेही सरकारी कार्यालय करू शकत नाही.

या हक्काला मर्यादा आहे आणि ती लपवून चालणार नाही. विवाह आणि वारसा यांचे कायदे अजून धर्मनिहाय आहेत. जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही, त्याला सर्वसाधारणपणे हिंदू वारसा कायदा लागू होतो, मग तो स्वतःला काहीही म्हणवून घेवो. विवाहापुरता 1954 चा विशेष विवाह कायदा हा मार्ग उपलब्ध आहे.

गैरसमज : पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या प्रथेला कायदा हात लावू शकत नाही.

घटनेने धर्माला संरक्षण दिले, म्हणजे आजोबांपासून चाललेल्या प्रत्येक गोष्टीला दिले, असा हिशेब सहज मांडला जातो. पण कलम 25 मधला हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, आणि सामाजिक सुधारणेसाठी कायदे करण्याची मुभा त्याच कलमात लिहिलेली आहे. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवले जात. उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली ती वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या आधारे. नागाची पूजा करण्यावर बंदी कधीच नव्हती. सवलत हवी असेल तर तीही त्याच कायद्यातल्या परवानगीच्या वाटेने मागावी लागते. मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे 300 भाविक गेले. पुढे यात्रेत पशुबळी आणि वाद्यांना मनाई करणारे आदेश निघू लागले, तेव्हा हा देवीचा अपमान आहे अशी कुजबुज झाली. गेलेली माणसे देवीचीच भक्त होती. त्यांच्या जिवाची काळजी घेणे प्रशासनाचे कर्तव्यच होते.

गैरसमज : न्यायालयात गीतेवर हात ठेवून शपथ घ्यावी लागते.

हे सिनेमाने शिकवलेले. शपथ कायदा, 1969 नुसार साक्षीदार ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. दोन्हींचे वजन सारखेच. आमदार-खासदारांच्या शपथेतही घटनेने हे दोन पर्याय दिले आहेत.

गैरसमज : वैज्ञानिक दृष्टिकोन हे घटनात्मक कर्तव्य असल्यामुळे श्रद्धा बाळगणे घटनाविरोधी आहे.

ही चूक सुधारकी उत्साहातून होते, म्हणून ती अधिक काळजीपूर्वक दुरुस्त करायला हवी. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घटनेत आली. वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे त्यांपैकी एक. पण त्याचा भंग केला म्हणून कोणाला शिक्षा होत नाही, आणि दुसऱ्याची श्रद्धा मोडून काढण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. उलट दिशेची सक्तीही चालत नाही. नाशिकमधल्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत हक्कांविरुद्ध ठरवली. त्याआधी 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे केरळातल्या 3 मुलांचे प्रकरण आले होते. ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची ही मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढून टाकले होते. ती श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का, हा प्रश्न न्यायाधीशांनी बाजूला ठेवला. ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का, एवढेच पाहिले, आणि मुलांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला.