खांद्याची अर्धवट फाटलेली कंडरा

माळ्यावरचा डबा काढावयास हात उंचावला कीं खांद्यांत कळ येते आणि रात्रीं त्या कुशीवर निजवत नाहीं, ही तक्रार चाळिशी उलटलेल्या पुष्कळांस परिचयाची आहे. तिच्या मुळाशीं अनेकदां 'रोटेटर कफ' असतो. वातपित्ताच्या सोबत्याशीं या कफाचा कांहीं संबंध नाहीं. सदऱ्याच्या बाहीस मनगटाशीं असतो तो हा कफ! चार स्नायूंच्या कंडरा दंडाच्या हाडाच्या डोक्यास असा वेढा घालतात व उथळ खोबणींत तें जागेवर धरून ठेवतात.

हाडास चिकटते तेथें कंडरा सुमारें १० ते १२ मिलिमीटर जाड असते. जुनें धोतर विरावें तसे तिचे कांहीं थर विरतात, बहुधा सांध्याकडील बाजूचे. आरपार भोंक नसतें, म्हणून ही फाट अर्धवट. ती निम्म्याहून खोल असेल, आणि कांहीं महिने व्यायाम व औषधोपचार करूनहि गुण येत नसेल, तरच सामान्यतः टांके घालण्याचा विचार होतो. नुसत्या चित्रावरून शस्त्र उचलणें गैर. कसलेंच दुखणें नसलेल्यांच्या खांद्यांतहि एम्. आर्. आय्. तपासणींत अशी फाट आढळते.

बोस्टनचे डॉ. कॉडमन यांनीं १९०९ मध्यें फाटलेली कंडरा शिवली ती खांदा उघडून. सांध्यांत डोकावण्याची युक्ति निराळीकडची: १९१८ सालीं टोकिओंत ताकागि यांनीं मूत्राशय पाहण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यांत घालून पाहिली. आज बोटभरहि रुंद नसलेल्या छिद्रांतून दुर्बीण खांद्यांत जाते, क्षारजलानें सांधा फुगवितात आणि आंतील दृश्य पडद्यावर दिसतें. विरलेले तंतू खरवडून झाल्यावर हाडांत लहानशी खुंटी रोंवतात. तिचा दोरा कंडरेंतून ओंवून ती हाडाशीं बांधतात. येथें दोन वाटा आहेत. एकींत शाबूत थर तसाच राखतात. दुसरींत तोहि कापून सगळी कंडरा नव्यानें जोडतात. धड भाग कापणें घरच्या माणसांस आततायीपणाचें वाटेल. परंतु तो भागहि पुष्कळदां झिजलेला असतो, आणि शिंपीसुद्धां विरलेल्या काठावर टांका घालीत नाहीं. दोन्ही वाटांची तुलना झाली आहे. निर्विवाद सरशी कोणाचीच ठरलेली नाहीं.

छिद्रें लहान म्हणून बरें होणेंहि लवकर, ही समजूत मात्र रोग्यास नडते. खुंटी व दोरा केवळ धरून ठेवतात. कंडरा हाडाशीं सांधण्याचें काम शरीराचें, आणि त्यास महिने लागतात. म्हणून सुमारें चार ते सहा आठवडे हात झोळींत असतो. बोटें, मनगट व कोपर मात्र हलवीत राहावयाचें. पुढें खांदा प्रथम दुसऱ्याच्या आधारानें हलवितात, मग स्वतःच्या जोरानें. घाई केली तर टांका सुटण्याचें भय, फार जपलें तर खांदा आखडण्याचें. भरलेली बादली उचलावयास चार-सहा महिने थांबावें लागतें.