रसायनशास्त्र शिकावं तर वेरिबीत

मेलबर्न शहराचं साधारण निम्मं सांडपाणी वेरिबीला येतं, रोजचं सुमारे 50 कोटी लिटर. शहराच्या नैर्ऋत्येला, पोर्ट फिलिप उपसागराच्या काठाने 10,500 हेक्टरांवर पसरलेल्या या केंद्राचं आजचं नाव वेस्टर्न ट्रीटमेंट प्लांट. वेरिबी म्हटलं की मेलबर्नकरांना आधी इथला वास आठवतो आणि मग त्यावरचे विनोद. माझ्या लेखी मात्र रसायनशास्त्राच्या पदवीचं याहून मोठं प्रॅक्टिकल नाही. केमिस्ट्री घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला पहिल्याच वर्षी इथे आणायला हवं.

वेरिबी, टार्नेट, पॉइंट कुक या पट्ट्यात आता मराठी घरं बरीच झाली आहेत. घरातली मुलगी म्हणाली, ‘मला नुसती केमिस्ट्री करायची आहे,’ की आई विचारते, ‘पण पुढे काय?’ बाबा फार्मसी सुचवतात, मामा फोनवरून केमिकल इंजिनिअरिंग. मेडिकल-इंजिनिअरिंगचा नंबर हुकला की बीएस्सी, हा हिशेब आपण तिकडून इकडे जसाच्या तसा आणला. ‘पुढे काय’चं उत्तर द्यायला मला वेरिबीची तळी पुरतात.

बीएस्सीच्या जर्नलमध्ये एक टायट्रेशन असतं, पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं. विंकलरची पद्धत. काचेची बाटली हवेचा बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून बूच लावायचं आणि बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो. मग आम्ल घातलं की साका विरघळून आयोडीनचा पिवळा रंग येतो. ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडायचं, रंग फिका झाला की स्टार्च, आणि गडद निळा रंग एका थेंबासरशी नाहीसा होतो. तीन रीडिंग जुळेपर्यंत, म्हणजे सीबीआर येईपर्यंत, हे चालतं. बहुतेक मुलं जर्नलवर सही घेतात आणि विसरून जातात, कारण बाटलीतलं पाणी कॉलेजच्या नळाचं असतं आणि उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

तीच बाटली वेरिबीत आणा. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर स्वच्छ पाण्यात फार तर 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. घरगुती सांडपाण्यातली घाण जिरवायला जीवाणूंना लिटरमागे सहज 200 ते 300 मिलिग्रॅम लागतो; हीच त्याची बीओडी. म्हणजे एक लिटर मैलापाणी पंचवीस-तीस लिटर स्वच्छ पाण्यातला प्राणवायू संपवू शकतं. नदीतले मासे का मरतात, हे या भागाकारात आहे. शिवाय तळ्याच्या पाण्यात नायट्राइट असतं, ते आयोडाइडशी क्रिया करून रीडिंग फसवतं, म्हणून बाटलीत सोडियम अझाइडही घालावं लागतं. नळाच्या पाण्यावर शिकताना या अझाइडची गरजच कळत नाही.

हे केंद्र उभं राहिलं ते टायफॉइडमुळे. 1880 च्या दशकात मेलबर्न सोन्याच्या पैशाने फुगलेलं होतं, आणि मैला उघड्या गटारांतून वाहत होता. इंग्लंडहून जेम्स मॅन्सर्ग या अभियंत्याला बोलावून आराखडा करून घेतला. 1891 मध्ये मेलबर्न अँड मेट्रोपोलिटन बोर्ड ऑफ वर्क्स स्थापन झालं, विल्यम थ्वेट्स मुख्य अभियंता झाले आणि 1897 मध्ये पहिल्या इमारती नव्या नळांना जोडल्या गेल्या. स्पॉट्सवूडच्या पंपिंग स्टेशनातली वाफेची इंजिनं मैलापाणी वर उचलून वेरिबीच्या कालव्यात सोडत. ते स्टेशन आज सायन्सवर्क्स या संग्रहालयाचा भाग आहे. वेरिबीत ते पाणी कुरणांवर सोडून मातीतून गाळलं जाई, आणि त्या गवतावर गुरं-मेंढ्या पोसल्या जात. कामगारांसाठी कोकोरॉक नावाचं गावच वसलं होतं, शाळा आणि पोहण्याच्या तलावांसकट.

आता ते पाणी तळ्यांच्या माळेतून महिनाभर सरकतं. पहिल्या तळ्यावर प्लॅस्टिकचं अवाढव्य आच्छादन आहे. खाली ऑक्सिजन नाही, म्हणून मिथेन तयार होतो. आपल्या गोबरगॅसच्या टाकीतही हेच चालतं, फक्त इथे ते एका शहराच्या मापाने. त्या वायूवर केंद्राची बरीचशी वीज निघते. त्यासोबतच हायड्रोजन सल्फाइडही येतो. किपच्या उपकरणाशेजारी उभं राहून साल्ट अॅनालिसिस केलेल्या आमच्या पिढीला त्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. नळांच्या छतावर जीवाणू त्याचंच सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीट पोखरलं जातं.

पण वेरिबीचा खरा धडा नायट्रोजनचा. अमोनियात त्याचा ऑक्सिडेशन नंबर उणे तीन असतो. हवा मिळाली की जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणजे अधिक पाचपर्यंत नेतात. मग हवा तोडायची. दुसऱ्या जातीचे जीवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन घेतात आणि नायट्रोजन शून्यावर येऊन वायुरूपाने निघून जातो. अकरावीत घोकलेले तीन आकडे इथे एका पाण्याच्या प्रवासातले तीन मुक्काम होतात. एकाला हवा हवी, दुसऱ्याला नको. दोन्ही शेजारी शेजारी सांभाळणं हे इथलं कौशल्य.

हे का करायचं? सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने 1992 ते 1996 या काळात पोर्ट फिलिप उपसागराचा अभ्यास केला. उपसागराला मुख्य धोका नायट्रोजनचा आहे, आणि तळच्या गाळातले जीवाणूच त्याला सावरून धरतात, असं त्यात दिसलं. वर्षाला 1,000 टन नायट्रोजन कमी करा, अशी शिफारस झाली आणि त्यातला निम्मा वाटा वेरिबीने उचलायचा ठरला. 2004 पर्यंत तळी सुधारली.

आता पेच पाहा. याच तळ्यांवर 1982 पासून पाणथळ जागा जपण्याचा रामसर करार लागू आहे. सैबेरियातून येणारे इवले किनारपक्षी इथल्या चिखलातल्या किड्यांवर जगतात, आणि ते किडे जगतात मैल्यातल्या पोषकद्रव्यांवर. पाणी फार शुद्ध केलं तर पक्षी उपाशी. म्हणून काही तळ्यांना मुद्दाम पोषक पाणी दिलं जातं. तिसरी बाजू शेतकऱ्यांची. 2005 पासून वेरिबी साउथच्या कोबी-फ्लॉवर-लेट्यूसच्या मळ्यांना इथलं शुद्ध केलेलं पाणी जातं, पण त्यात मीठ उरतं. जीवाणू साखर, चरबी, अमोनिया संपवतील, सोडियम क्लोराइडला हात लावणार नाहीत. त्यामुळे नदीचं पाणी मिसळण्याचा हिशेब ठेवावा लागतो.

किती नायट्रोजन ठेवायचा, हा प्रश्न निव्वळ केमिस्ट्रीने सुटत नाही. पक्षी, कायदा, शेती, शहराचा इतिहास, सगळ्यांना विचारावं लागतं. लहान लिबरल आर्ट्स विद्यापीठात केमिस्ट्रीच्या मुलाला इतिहास आणि अर्थशास्त्राच्या वर्गात बसवतात, ते याचसाठी, आणि मला ते फार पटतं. आपल्याकडे 1885 चं फर्ग्युसन काय, 1919 चं सांगलीचं विलिंग्डन काय, कला आणि विज्ञान एकाच फाटकाच्या आत आहेत. पण टीवाय केमिस्ट्रीची मुलगी इतिहास विभागाची पायरी चढते का? शेजार शतकभराचा असून येणंजाणं नाही, याचं वाईट वाटतं.

वेरिबीच्या हॉपर्स लेनवर व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे. ते काही लहान विद्यापीठ नाही. पण 2018 पासून त्यांनी पदवीच्या पहिल्या वर्षाला एका वेळी एकच विषय, चार आठवडे, लहान वर्ग अशी ब्लॉक पद्धत सुरू केली. क्वांटमसारखा विषय चार आठवड्यांत मुरतो का, याबद्दल मी साशंक आहे. प्रॅक्टिकलला मात्र ही पद्धत सोन्यासारखी आहे. पाच दिवसांची बीओडी चाचणी मधे दुसरा पेपर न येता पुरी होते, आणि शिकवणारा बाकाशेजारी उभा राहून एंड पॉइंट हुकलेला पाहू शकतो.

केंद्र पाहायला आधी नाव नोंदवावं लागतं; पक्षी पाहायला वेगळा परवाना लागतो. जाणाऱ्या विद्यार्थ्याने एक प्रश्न खिशात ठेवावा. अमोनियाचं नायट्रेट होताना एक ग्रॅम नायट्रोजनमागे 7.14 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते. मग तळं आम्लधर्मी का होत नाही? नायट्रेटचा वायू होताना त्यातली निम्मी क्षारता परत मिळते. उरलेली निम्मी कुठून येते, हे तिथल्या माणसांनाच विचारावं, आणि त्याआधी समीकरणं स्वतः कागदावर जुळवून पाहावीत.