वाचणारं कुणीतरी

१९६८ साली जॉन मोट आणि जॉन फेअरफॅक्स या दोन इंग्रज कवींनी शाळकरी वयाच्या काही मुलामुलींना डेव्हनमध्ये एकत्र राहायला बोलावलं आणि लिहितं केलं. कवी टेड ह्यूज यांना हा खटाटोप आधी पटला नव्हता. कविता अशी शिबिरं भरवून थोडीच येते, असं त्यांना वाटत होतं. मुलांनी लिहिलेलं मुलांच्याच तोंडून ऐकल्यावर त्यांचं मत बदललं. पुढे यॉर्कशरमधलं लम्ब बँक हे आपलं घरच त्यांनी या कामासाठी दिलं. ‘आर्व्हन’ या नावाने ते काम आजही चालू आहे. अटलांटिकपलीकडे आयोवा विद्यापीठात किंवा ओहायोतल्या केनयन कॉलेजात दर उन्हाळ्यात अशीच दोन-दोन आठवड्यांची निवासी शिबिरं भरतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही कधी ना कधी हा विषय निघतो: मुलगी सोळा वर्षांची आहे, सारखी काहीतरी लिहीत असते, पाठवावं का?

यावर आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘तिथे शिकवतात तरी काय?’ प्रश्न रास्त आहे, पण महत्त्वाची गोष्ट त्यात निसटते. या वयाच्या मुलाला शिक्षकापेक्षा वाचकाची उणीव जास्त असते. शाळेतला निबंध वाचणारा माणूस हातात लाल पेन घेऊनच बसलेला असतो. त्याला काय हवंय ते मुलांना पाठ झालेलं असतं, आणि मुलं तेच लिहून मोकळी होतात. दुसरीकडे गादीखाली लपवलेली वही असते, ती कुणीच वाचायची नसते. या दोन्हींच्या मधला वाचक, म्हणजे गुण न देणारा, कौतुकाने गालगुच्चाही न घेणारा, पण ओळ न् ओळ मन लावून वाचणारा, बहुतेक मुलांना भेटतच नाही. चांगलं निवासी शिबिर हा वाचक मिळवून देतं. त्याची किंमत मला तिथल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठी वाटते.

आर्व्हनचा दिवस पाहिला की हे नेमकं कळतं. जास्तीत जास्त सोळाएक जण, दोन लेखक-मार्गदर्शक, गावापासून लांब असलेलं जुनं घर. सकाळी सगळे एका टेबलाभोवती बसून लिहितात. दुपारी एकेकाने आपला मजकूर घेऊन मार्गदर्शकासमोर बसायचं. आठवड्याच्या मध्यावर एखादा पाहुणा लेखक येऊन वाचून दाखवतो आणि शेवटच्या रात्री मुलं वाचतात. संध्याकाळचा स्वयंपाक पाळीपाळीने मुलांनीच करायचा असतो. हे काही खर्च वाचवण्यापुरतं नाही. कांदा चिरता चिरता शेजारचा मुलगा सहज विचारतो, ‘तुझ्या गोष्टीतली ती आजी दुसऱ्या पानानंतर गेली कुठे?’ लिहिणारीच्या लक्षातही आलेलं नसतं की आजी गायब झाली आहे. रात्री ती ते पान पुन्हा काढते. आठवड्यातून एकदा तासभर भरणाऱ्या वर्गात हा प्रश्न विचारायला सवड नसते, आणि विचारलाच तरी पुढच्या आठवड्यापर्यंत त्यातली धग विझलेली असते. ‘निवासी’ या शब्दाला अर्थ येतो तो इथे.

याला थोडा आधार संशोधनातही सापडतो. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. मुलांनी एकमेकांच्या मदतीने आराखडा करणं, लिहिणं आणि दुरुस्त करणं ही लेखन सुधारण्याच्या सर्वांत परिणामकारक पद्धतींपैकी एक ठरली. सुटं, साचेबंद व्याकरण शिकवण्याचा मात्र उपयोग दिसला नाही, उलट परिणाम किंचित उणेच निघाला. हे प्रयोग शाळांमधले होते, शिबिरांमधले नव्हते, त्यामुळे यातून शिबिराची थोरवी सिद्ध होते असं मी म्हणणार नाही. पण बरोबरीचा वाचक लेखन घडवतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

अशा शिबिरांत सगळे एकाच वळणाचं लिहायला लागतात, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. आयोवाच्या ज्या रायटर्स वर्कशॉपची पद्धत जगभर गेली, ते १९३६ साली सुरू झालं. त्या पद्धतीत ज्याचं लेखन चर्चेला आहे त्याने गप्प बसायचं आणि इतरांनी बोलायचं. लेखक मॅथ्यू सॅलेसिस यांनी २०२१ च्या आपल्या पुस्तकात या मौनावर कडक टीका केली आहे. बहुसंख्यांची आवड हीच ‘चांगल्या लेखनाची’ कसोटी होऊन बसते आणि वेगळ्या घरातून, वेगळ्या भाषेतून आलेल्याला आपलं काही सांगायची सोय उरत नाही, असं ते म्हणतात. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीने गोष्टीत ‘आजोळ’ लिहिलं आणि दहा जणांनी एकामागून एक ‘हे कळत नाही’ म्हटलं, तर ती पुढच्या वेळी आजोळ गाळून टाकेल. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हे फार महाग पडतं. म्हणूनच या वयाच्या मुलांसाठी मला केनयनसारखी वाट बरी वाटते. तिथे तयार मजकुराची चिरफाड करण्यापेक्षा रोज नवं लिहिण्यावर आणि लगेच वाचून दाखवण्यावर भर असतो. शिबिराची चौकशी करताना तिथे टीका कशी करतात, लिहिणाऱ्याला बोलू देतात का, हे स्पष्ट विचारावं.

राहिला पैसा. अमेरिकेतल्या शिबिरांचा खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो, आणि ‘कॉलेजच्या अर्जात चांगलं दिसेल’ या एका वाक्यावर तो बऱ्याचदा मान्य होतो. त्या हिशेबाने पाठवायचं असेल तर पाठवू नये, असं माझं मत आहे. मुलांना अर्जाचा वास लगेच येतो, आणि मग शिबिरही निबंधाच्या पेपरासारखं होतं. कसलाही नमुना न मागता पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला घेणाऱ्या शिबिराकडे सावधपणे पाहावं. प्रवेशाआधी लेखन वाचणारं, ऐपत नसलेल्यांना शुल्कात मदत देणारं, रात्री वसतिगृहात जबाबदार मोठं माणूस कोण असतं याचं सरळ उत्तर देणारं शिबिर निवडावं. एकमेकांचं लिहिलेलं वाचणाऱ्या चार मैत्रिणी मुलीला घराजवळच मिळाल्या असतील, तर हे पैसे खुशाल पुस्तकांवर खर्च करावेत. अडचण त्या मुलांची आहे, ज्यांच्या वर्गात असं लिहिणारं दुसरं कुणीच नाही.

आणि मुलगी परत आली की बॅगेतली वही लगेच मागू नये. तिचे वाचक आता आणखी काही ठिकाणी आहेत. रात्री उशिरापर्यंत ती त्यांना पानं पाठवत बसेल. तिला वाटेल तेव्हा एखादं पान आपल्यासमोरही येईल. त्या वेळी हातातलं काम बाजूला ठेवून ते शेवटपर्यंत वाचावं आणि आजी कुठे गेली ते विचारावं.