गळ्यातला शंख

आमच्या वाड्यातल्या काकूंनी एकदा दक्षिणावर्ती शंख घेतला, बरेच पैसे मोजून. पुढे माझ्या वाचनात आलं, की या नावाने विकले जाणारे कितीतरी शंख आपल्या समुद्रातले नसतातच. ते मेक्सिकोच्या आखातातून येतात. तिथली एक जातच उलट वळणाची, त्यामुळे तिकडे त्याचं नवल नाही. काकूंना मी हे सांगितलं नाही.

मान मात्र त्या शंखाला तिकडेही होता. आखातापासून शेकडो किलोमीटर आत, आजच्या ओक्लाहोमा राज्यात, आर्कान्सा नदीजवळ स्पायरो नावाचं ठिकाण आहे. कोलंबसाच्या आधीच्या काही शतकांत हे शंख तिथवर पोचत. त्यांच्या फुगीर भिंतीतून गोल चकती कापायची, कडा घासायच्या, वर दोन भोकं पाडायची आणि गारेच्या टोकाने चित्र कोरायचं: कोळी, सुतारपक्षी, नाग, उघडा तळहात. मग ते पदक गळ्यात. अख्ख्या शंखाचे पेलेही करत आणि त्यांच्यावर बाहेरून कोरत. लोखंडाचं हत्यार नाही आणि चुकलेली रेघ खोडायची सोय नाही! एका कवितेसाठी दहा कागद फाडणारा मी, मला त्या हाताचा हेवा वाटतो.

ही सगळी दौलत तिथल्या एका मोठ्या टेकाडात, मृतांसोबत पुरलेली होती. १९३३ साली काही जणांनी ते टेकाड भाड्याने घेतलं आणि मंदीत बेकार झालेले खाणकामगार लावून पोखरलं. विकण्याजोगं विकलं, कापड, लाकूड, फुटके शंख बाहेर फेकून पायदळी तुडवले. १९३५मध्ये राज्याने याविरुद्ध कायदा केला. जाता जाता त्या लोकांनी आत सुरुंगाची दारू उडवली. अभ्यासकांचं पद्धतशीर खोदकाम सुरू झालं ते १९३६ साली.

एकाच पेल्याचे तुकडे तोवर वेगवेगळ्या संग्रहांत पांगले होते. फिलिप फिलिप्स आणि जेम्स ब्राउन या अभ्यासकांनी ते कागदावर जुळवायला घेतले. लहान मुलं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, तसे कोरीव तुकड्यांचे ठसे घेतले. एका तुकड्यावर नर्तकाचा खांदा, दुसऱ्यावर त्याचा हात. १९७५पासून त्यांचे ग्रंथ निघाले. कॅडो आणि विचिता लोक स्पायरोच्या माणसांना आपले पूर्वज मानतात. म्हणजे त्यांच्या लेखी ही कोरीव चित्रं त्यांच्याच पूर्वजांच्या हातची. काही चित्रांत मधली जागा अजून कोरीच आहे. तो तुकडा टेकाडाबाहेर, कुणाच्या तरी बुटाखाली चुरडला गेला असेल.