परसातलं दुसरं घर : काय निवडाल?

पाऊस : रत्नागिरीत वर्षाला सरासरी 3,000 मि.मी.हून अधिक; बहुतेक जून ते सप्टेंबर.

मांगर : मुख्य घरापासून वेगळी, परसात किंवा बागेत बांधलेली छोटी वास्तू. मूळ वापर गवत, अवजारे, गुरे यांसाठी. राहायचे तर फरशी, खिडक्या, शौचालय नव्याने करावे लागते.

चिऱ्याची खोली : जांभ्याच्या जाड भिंती, आत गारवा. दगड सच्छिद्र, पावसाच्या बाजूला गिलावा किंवा लांब वळचण हवी.

प्रीफॅब : पॅनल कारखान्यात तयार, जोडणी जागेवर. चौथरा लागतोच. खाऱ्या हवेत लोखंडी सांगाडा लवकर गंजतो.

कंटेनर : 20 फुटी म्हणजे सुमारे 160 चौ. फूट. ट्रक आणि क्रेन पोहोचेल असा रस्ता आवश्यक. पाखाडीवरच्या (पायऱ्यांच्या वाटेवरच्या) घरांना अडचणीचा. उष्णतारोधक थर हवा.

किमान माप : राष्ट्रीय इमारत संहिता 2016 नुसार एकमेव राहती खोली 9.5 चौ. मी., उंची 2.75 मी.

परवानगी
- शहरात : रत्नागिरी नगर परिषद.
- शेतजमीन : अकृषिक वापराच्या तरतुदी, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966.
- समुद्रकिनारी : भरती रेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नियम.
- सामाईक सातबारा : सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी.